चित्रकलेचा तास आणि विज्ञानाची नजर

बोदवडहून मुंबईकडे निघाले की भुसावळ, जळगाव, पाचोरा मागे टाकीत गाडी चाळीसगावला येते. तेथे स्टेशनाजवळच्या एका घरात केकी मूस नावाचे थोर कलावंत राहत असत. विद्यार्थी मित्रांनो, ते काय शिकले आणि त्या शिक्षणाचे त्यांनी काय केले, याचा आपण थोडा विचार करू.

मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईत झाला. विल्सन कॉलेजातील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी व्यावसायिक चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. आज आपण ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतो, तोच हा विषय. जाहिराती, भित्तिपत्रके, पुस्तकांची वेष्टने कशी रचावीत हे त्यात शिकवतात. त्याच शिक्षणात त्यांना छायाचित्रणाचीही ओळख झाली.

असे शिकलेला माणूस मोठ्या शहरात जाहिरातीच्या धंद्यात शिरणार, असे कोणालाही वाटेल. मूस मात्र चाळीसगावला परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत बहुतेक काळ त्या घरातच राहिले. मग ते शिक्षण वाया गेले काय? माझे उत्तर आहे, मुळीच नाही. त्या शिक्षणाने दिलेली नजर त्यांनी आयुष्यभर वापरली.

त्यांचे विशेष नाव झाले ते टेबल-टॉप छायाचित्रणामुळे. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करायची आणि तिचे छायाचित्र असे घ्यायचे, की पाहणाऱ्याला तो बाहेरचा विशाल देखावा वाटावा. ही किमया कशी साधते? येथेच विज्ञान येते.

समजा, ५ सेंटिमीटर उंचीची काडी कॅमेऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर उभी आहे. ५ मीटर उंचीचे झाड ५० मीटरवर आहे. दोन्ही ठिकाणी उंची आणि अंतर यांचे गुणोत्तर एकच, म्हणजे एकास दहा. म्हणून दोन्ही वस्तू भिंगाशी सारखाच कोन करतात आणि छायाचित्रात सारख्याच उंच दिसतात. शेजारी ओळखीची वस्तू नसेल, तर काडी कोणती आणि झाड कोणते, हे केवळ उंचीवरून सांगता येणार नाही.

पण दोन अडचणी येतात. जवळच्या वस्तूंचे चित्र घेताना पुढची वस्तू स्पष्ट आली की मागची पुसट होते. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र लहान करणे. छिद्राचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून प्रकाश चौपट वेळ आत घ्यावा लागतो. दुसरी अडचण सावल्यांची. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. दिवा जवळ ठेवला तर काड्यांच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि सोंग उघडे पडते. म्हणून दिवा दूर न्यावा लागतो.

कोन, गुणोत्तर, क्षेत्रफळ, प्रकाशकिरण हे सारे तुमच्याच पाठ्यपुस्तकातले धडे नव्हेत काय? तरीही परीक्षा जवळ आली की पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास गणिताला नाहीतर विज्ञानाला दिला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनाही अनेक मुले केवळ वाढीव गुणांसाठी बसतात. मला हे चुकीचे वाटते. चित्रकलेचा तास हा निरीक्षणाचा तास आहे. तो काढून घेतला तर विज्ञानाचेच नुकसान होते. सावली खरोखर कोठे पडते हे ज्याने कधी पाहिलेच नाही, तो प्रकाशाचा नियम पाठ म्हणेल; पण त्याला तो समजला असे म्हणता येणार नाही.

आणखीही एक कारण आहे, आणि आजच्या काळात ते मोठे आहे. मोबाइलवर रोज असंख्य चित्रे येतात. त्यांपैकी काही खरी असतात, काही रचलेली, तर काही संगणकाने बनवलेली. मूस यांचे छायाचित्र ही कला होती. लोकांना फसवण्याचा त्यात हेतू नव्हता. सर्वांचाच हेतू तसा नसतो. ज्याने एकदा स्वतः असे चित्र रचले आहे, तो दुसऱ्याचे चित्र पाहताना आपोआप विचारतो : सावल्या एकाच दिशेला आहेत का? पुसटपणा योग्य ठिकाणी आहे का? मोजमापाला ओळखीची वस्तू आहे का? या प्रश्नांनी प्रत्येक लबाडी पकडली जाईल असे नाही. पण प्रश्न न विचारणारा हमखास फसेल.

तेव्हा हे करूनच पाहा. आपल्या भागात पऱ्हाटीच्या काड्यांना काय तोटा? चार काड्या, मूठभर रांगोळी आणि थोडा कापूस घेऊन टेबलावर एक बर्फाळ रान उभे करा. दिवा आधी जवळ, मग दूर ठेवा आणि घरातल्या मोबाइलने दोन्ही वेळा छायाचित्र घ्या. कोणते खरे वाटते आणि का, हे वहीत लिहून ठेवा.

अभ्यासक्रम दोन-चार वर्षांत संपतो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागते. पण त्याने लावलेली पाहण्याची सवय संपत नाही. ती चाळीसगावच्या एका घरात पन्नास वर्षे टिकली. बोदवडच्या शाळेतही ती रुजायला काहीच हरकत नाही. त्यासाठी चित्रकलेचा तास मात्र वेळापत्रकात जागेवर राहायला हवा.