शेरी, माडी आणि घड्याळ

शेरी म्हटलं की आपल्याकडे फार फार तर ख्रिसमसचं पुडिंग आठवतं. नाहीतर इंग्रजी कादंबरीतल्या म्हाताऱ्या आजीबाईंचा तो इवलासा पेला. गोड, चिकट, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली बाटली. मी गेले काही महिने शेरीबद्दल जमेल तेवढं वाचतोय (आणि जमेल तेवढी चाखतोयही, काकू, फोन करू नका :) ), आणि प्रत्येक वेळी मन जाऊन पोचतं ते नागाव-चौलच्या वाडीत, माडाखाली.

शेरी होते स्पेनच्या दक्षिणेला, हेरेस गावाच्या आसपास. गंमत अशी की कोरड्या शेरीचे बहुतेक प्रकार पालोमिनो या एकाच साध्याशा पांढऱ्या द्राक्षाचे. फरक पडतो तो हवेमुळे. पिंपात थोडी जागा मोकळी सोडतात, वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते आणि ती साय हवा आत जाऊ देत नाही. त्या सायीखाली वाढली ती फिनो : फिकी, कोरडी, जराशी खारट. मद्यार्क १७ टक्क्यांच्या आसपास नेला की साय जगत नाही, हवा थेट लागते आणि तयार होते गडद, अक्रोडाच्या वासाची ओलोरोसो. आधी सायीखाली आणि मग उघड्यावर गेली की ती अमोंतियादो. सानलूकार या समुद्रकाठच्या गावात मुरलेल्या फिनोला तर मांसानिया असं वेगळंच नाव. तिथले लोक ती तळलेल्या मासळीबरोबर गार गार पितात. हे वाचलं आणि मला थेट तळलेली मांदेली दिसायला लागली!

आता आपल्याकडे या. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, घट्ट बांधायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, टोक छेदायचं आणि खाली मडकं लावायचं. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, ती नीरा. चुना नाही लावला तर थेंब मडक्यात पडल्यापासूनच आंबायला लागतो. रात्रभर साचलेली माडी सकाळी उतरवली की दुधट, फसफसणारी, गोडसर लागते. दुपारपर्यंत गोडी उतरते आणि जीभ चावते. संध्याकाळी ती चांगलीच आंबट होते. आणखी ठेवली तर व्हिनेगर, आणि ताजा रस आटवला तर गूळ. म्हणजे एकाच रसाचे इतके अवतार. शेरीला त्यासाठी वर्षं लागतात, इथे दिवस पुरतो.

आणि या सगळ्याला आपल्याकडे शब्द किती? झाडापुरते आहेत बरं का, आणि नेमके आहेत : माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. इंग्रजांनी ताडीचं टॉडी केलं आणि पुढे स्वतःच्या गरम व्हिस्कीलाही तेच नाव देऊन टाकलं. पण सकाळची कोणती आणि तिसऱ्या प्रहरची कोणती, हे पिणाऱ्याला आणि काढणाऱ्याला ठाऊक असतं, पाटीवर मात्र कधी येत नाही. पाटी एकच : ‘ताडी-माडी विक्री केंद्र’.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. नाव नसलं की जाब विचारता येत नाही. हेरेसवाल्यांनी गेल्या शतकात, १९३० च्या दशकात, आपल्या नावाला कायद्याचं कुंपण घातलं. आता कोणीही उठून कशालाही तिथे शेरी म्हणू शकत नाही. आपल्याकडे माडी-ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट घातलेलं पांढरं पाणी विकल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. ते पिऊन माणसं मरतात, आणि बदनाम होतं झाड. खरी माडी दुसऱ्या दिवशी आंबून जाते. दिवसभर, वर्षभर एकाच चवीची मिळत असेल तर ती माडी नाही, एवढं साधं गणित गिऱ्हाइकाला शिकवणारं कोणीच नाही.

याची मुळं जुनी आहेत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याचा गळा आवळला. त्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा. ज्या समाजातल्या मायनाक भंडाऱ्याने १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांशी झुंज दिली, त्याच्या हातातला कोयता परवान्याच्या कागदाशी बांधला गेला. उलट नाशिकच्या वाइनसाठी २००१ मध्ये राज्याने खास धोरण आणलं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही द्राक्ष बागायतदाराचं नाव पुढे होतं. त्यावर मोठं वादळ उठलं ते वेगळं. द्राक्षवाला शेतकरी आणि माडवाला दारूवाला, हा न्याय मला काही केल्या पटत नाही.

आमच्या आत्याचं मत याच्या अगदी उलट आहे. तिने दारूने उठलेली घरं पाहिली आहेत आणि तिच्यासमोर मी हा विषय फार ताणत नाही. पण त्या घरांत जी जायची ती माडी नव्हती, हातभट्टीची होती, हे तीच सांगते. मला माडी घरोघर पोचवायची नाहीये. जी विकली जाते ती झाडाची असावी, आणि मडक्यावर वेळ लिहिलेली असावी, इतकंच. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही ते मिळालं आहे. कांद्याला जमतं ते माडीला का जमू नये?

पण वेळ फार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. नवा माड लावला तरी धरायला पाच-सात वर्षं लागतात. अलिबागकडे वाड्यांचे प्लॉट पडताहेत, त्यावर बंगले उठताहेत. तिथे माड असतात, शोभेचे, दिवे गुंडाळलेले. त्यांच्यावर दिवसातून दोनदा चढणारा माणूस मात्र दिसत नाही. त्याचा मुलगा मुंबईला नोकरीला, आणि पन्नास फुटांवरून पडायचा धोका पत्करून त्याने इथेच राहावं असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू? पैसे नीट मिळाले तर कदाचित राहील.

असो. मे महिन्यात गावी जाणार असाल तर सकाळी सात-आठच्या आत माडी शोधा. घरी बाटलीत भरून आणणार असाल तर बूच घट्ट लावू नका, फुटते. आणि उरलीच तर तांदळाच्या पिठात घालून रात्रभर ठेवा. वसईकडे सांदणं अशीच ताडीवर फुगवतात.