कार्ड बदलताय? आधी डेटा बाहेर काढा

शॉर्टफिल्मवाले, एडिटिंगवाले, दोन-चार डिस्कभर फुटेज जमवलेले... अशा पोरांच्या घरच्या पीसीत रेड कार्ड हमखास सापडतं. सर्व्हरमधून निघालेलं सेकंडहँड कार्ड, त्याला तीन-चार हार्ड डिस्क, आणि वर ‘आपला डेटा एकदम सेफ’ हा कॉन्फिडन्स! माझं मत विचाराल, तर हा कॉन्फिडन्सच घात करतो.

१९८७मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड हे नाव दिलं, ते स्वस्त डिस्कच्या संदर्भात. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढाच त्यातला विमा (आणि रेड झिरोत तर तोही नाही). पण कार्डच गेलं तर? रेड फाइव्हमध्ये तुमच्या फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटलेले असतात. तुकडा केवढा, डिस्कचा क्रम काय, हा हिशेब बहुतेक कार्डं डिस्कवरच लिहितात, पण आपापल्या लिपीत. दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलंत, की त्याला त्या डिस्क कोऱ्याच वाटू शकतात. मग ते अगदी प्रेमाने विचारतं, ‘इनिशिअलाइझ करू?’ तिथे ‘येस’ दाबलं की वर्षभराचं शूटिंग गेलंच म्हणून समजा.

म्हणून जुनं कार्ड चालू असेपर्यंतच सगळं एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी करा. केलेल्या कॉपीतल्या चार फाइली उघडूनही बघा. सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढा, प्रत्येक डिस्कवर आणि केबलवर नंबर चिकटवा. विंडोज त्याच डिस्कवर असेल, तर नवं कार्ड आधी रिकाम्या स्लॉटमध्ये नुसतंच बसवा, ड्रायव्हर टाकून घ्या, मगच डिस्क तिकडे जोडा. नाहीतर पहिल्याच बूटला निळी स्क्रीन. मशीन स्लीपला टाकून नाही, पूर्ण शटडाउन करा, म्हणजे कार्डाच्या कॅशमध्ये अडकलेलं डिस्कवर उतरतं. नवं कार्ड शक्यतो त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं घ्या. ते बऱ्याचदा ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं म्हणतं. तिथे इम्पोर्ट निवडायचं. शेजारच्या ‘क्लिअर’कडे बघायचंसुद्धा नाही!

खरं तर घरी हे कार्ड हवंच कशाला? लिनक्सच्या एमडीएडीएमने बांधलेल्या डिस्क मदरबोर्डच्या साध्या पोर्टला चालतात. मशीन मेलं तर उचलून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, ते त्या ओळखतं. स्पीड थोडा कमी मिळेल, मिळू दे ना. अर्थात चुकून डिलीट केलेली फाइल यातही सगळीकडून एकदमच उडते, त्यामुळे एक्स्टर्नल ड्राइव्हचा खर्च काही टळत नाही. कार्डाचे पैसे तिकडे वळवा.

आणि बदललंच असेल, तर जुनं कार्ड लगेच विकायला काढू नका. नव्या कार्डावरून सगळे प्रोजेक्ट उघडेपर्यंत राहू दे कपाटात.