गच्चीवरची चवळी

चेन्नईत कारडैयान नोंबूच्या व्रताला तांदळाच्या पिठाची गोड व खारी अडै वाफवतात. तीत कारामणी, म्हणजेच आपली चवळी, असावीच लागते. ही चवळी आता बहुतेक घरांत दुकानातूनच येते. वस्तुतः ती गच्चीवरील कुंडीतही पिकते. सुमारे दोन महिन्यांत कोवळ्या शेंगा भाजीला मिळतात, वाळलेले दाणे उसळीला. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. परंतु कडधान्याचे खरे मोल घरच्या मातीतच उमगते. चार कुंड्यांनी किराण्याचा खर्च फारसा घटणार नाही. मात्र चवळीच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. म्हणून शेंगा संपल्यावर रोप उपटू नये. बुडाशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत. पुढच्या पिकासाठी तीच ठेव होय.