अँड्रॉइड फुकट आहे ना? मग सॅमसंगने मायक्रोसॉफ्टला १०० कोटी डॉलर कशाचे दिले?

गुगलची अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट वापरता येते. तरीही सॅमसंगने एका वर्षात १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली. गुगलला नव्हे, मायक्रोसॉफ्टला! हा आकडा बाहेर आला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये, दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या कोर्टात भांडत असताना.

पैसे नेमके कशाचे?

गुगल कोड फुकट देते. पण त्यातली एखादी पद्धत दुसऱ्याच कंपनीने पेटंट करून ठेवली असेल तर? शेत बक्षीस मिळालं, पण वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते आणि तो वाटेचे पैसे मागतो, असा हा प्रकार.

एक उदाहरण बघा. जुन्या डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांतच बसवावं लागायचं. विंडोज ९५ च्या सुमारास लांब नावं आली. जुने प्रोग्रामही चालावेत म्हणून लांब आणि आखूड अशी दोन्ही नावं साठवायची पद्धत मायक्रोसॉफ्टने काढली आणि तिची पेटंट घेतली. फोनचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर त्यातले फोटो दिसायला हवेत, म्हणून अँड्रॉइड फोनमध्येही ही 'फॅट' पद्धत आली. म्हणजे प्रश्न फाइलच्या नावाचा, आणि वसुली फोनमागे.

एचटीसीने २०१० मध्ये आणि सॅमसंगने २०११ मध्ये करार केला.

नकार कोणी दिला?

अमेरिकेतली पुस्तकं विकणारी कंपनी बार्न्स अँड नोबल. तिच्या 'नूक' या ई-रीडरमध्ये अँड्रॉइड होतं. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावर खटला भरला. कंपनीने उलट आरोप केला, की गुप्ततेचा करार केल्याशिवाय मायक्रोसॉफ्ट तपशील सांगत नाही आणि विंडोज फोनच्या अख्ख्या लायसन्सपेक्षा जास्त पैसे मागते. आरोप खरा असेल, तर हा वसुलीइतकाच अँड्रॉइड महाग करण्याचा डाव होता. निकाल मात्र लागलाच नाही. एप्रिल २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने नूकच्या धंद्यात ३० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं आणि खटला मिटला.

पेटंटची यादी उघड झाली ती चीनमुळे. नोकियाचा फोन व्यवसाय विकत घ्यायला मायक्रोसॉफ्टला चीनची परवानगी हवी होती. तेव्हा, २०१४ मध्ये, चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने ३१० पेटंट आणि अर्जांची यादीच वेबसाइटवर टाकली.

सॅमसंगचं भांडणही नोकियावरूनच. तुम्ही आता आमचे फोनमधले स्पर्धक झालात, मग जुना करार कसा चालेल, असा तिचा मुद्दा. पैसे उशिरा दिले, त्याच्या व्याजासाठी मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये समझोता झाला, अटी गुलदस्त्यात.

मग भारतात?

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. 'निव्वळ' या शब्दावरच वकिलांचे वाद चालतात, हा भाग वेगळा. शिवाय पेटंट देशापुरतं असतं. त्यामुळे भारतीय कंपनीने अमेरिकेत फोन विकला, तर तिथली पेटंट तिलाही लागू होतात.

विंडोज फोन बाजारात टिकला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली. लिनक्सवरून एकमेकांवर पेटंटचे खटले भरायचे नाहीत, असं ठरवलेल्या कंपन्यांचा हा गट. मायक्रोसॉफ्टने तिथे ६० हजार पेटंट खुली केली, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे.