हातही चौकटीत हवेत

महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरच्या जैनथसारख्या गावात मराठी मालिका आणि तेलुगू सिनेमा शेजारी शेजारी नांदतात. तेलुगू 'सीतम्मा वाकिट्लो सिरिमल्ले चेट्टू' (2013) मध्ये व्यंकटेश आणि महेशबाबूच्या बहिणीचं काम करणारी अभिनया ऐकू-बोलू शकत नाही. तमिळ 'नाडोडिगळ'ने (2009) तिला नाव दिलं. त्याच्या तेलुगू अवतारातही तीच होती.

हिंदीत 'कोशिश' (1972) आणि 'खामोशी' (1996) नावाजले गेले, पण कर्णबधिरांच्या प्रमुख भूमिका ऐकू येणाऱ्या कलावंतांनीच केल्या.

अमेरिकेत मात्र 1991 सालीच 'रीझनेबल डाउट्स' ही मालिका आली. कर्णबधिर मार्ली मॅटलिन सरकारी वकील, तर मार्क हार्मन खूणभाषा जाणणारा पोलीस. तो तिच्याशी हातांनी बोलायचा.

मराठी मालिकेत भावना दाटली की कॅमेरा चेहऱ्यावर झेपावतो आणि हात चौकटीबाहेर जातात. खूणभाषेत अशानं अख्खा संवादच कापला जाईल. म्हणून चौकट रुंद हवी, सहकलाकाराची आधीपासून तालीम हवी, सेटवर दुभाषी हवा. हे अवघड मुळीच नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत 2015 पासून आहे, शब्दकोशही तयार आहे. आता वाहिन्यांनी कर्णबधिर मुलींना ऑडिशनला बोलवावं, आणि तेही नायिकेच्या भूमिकेसाठी.