चेन खुळखुळते तेव्हा...

गाडी घेताना आपण काय काय बघतो? रंग, म्युझिक सिस्टीम, डिकी किती मोठी आणि अर्थातच ईएमआय. इंजिनाचा आवाज? छे! तो आपण गाडी घरी आल्यावर ऐकतो. तोही एफएम बंद असेल तर.

भाईंदर पूर्वेच्या गाड्यांचं एक खास रुटीन आहे. सकाळी इंद्रलोकमधून निघायचं, गोल्डन नेस्टला अडकायचं, रिक्षांच्या मागे रांगत स्टेशन गाठायचं, चर्चगेट लोकलसाठी कुणाला तरी सोडायचं आणि परत. संध्याकाळी उलटा प्रवास. आमच्या दादाची २०१४ची डिझेल स्विफ्ट गेली काही वर्षं हेच करतेय. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. त्यामुळे ऑइल बदलायचा विषय निघाला की साहेबांचं उत्तर ठरलेलं, ‘अगं, गाडी चाललीये कुठे?’

मग एके दिवशी सकाळी सेल्फ मारल्याबरोबर खर्रर्र! स्टीलच्या डब्यात नाणी हलवल्यासारखा आवाज. दोन-तीन सेकंदांत बंद. महिन्याभरात तोच आवाज दहा सेकंदांवर गेला. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, ‘इंजिन खोलावं लागेल.’ दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आम्ही मग नवघर रोडवरच्या ओळखीच्या चाचांकडे गेलो. ते म्हणाले, ‘मॅडम, गाडी रातभर यहीं छोडो. सुबह ठंडी गाडी सुनेंगे.’ सकाळी त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एका बाजूच्या कव्हरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा ना! (घरी करू नका, बाजूलाच पट्टा फिरत असतो.) आवाज तिथूनच येत होता. निदान : टायमिंग चेन.

आता थोडं सायन्स, घाबरू नका. खाली पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट, वर व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. हा हिशेब चेन सांभाळते. तिला ताणून धरतो टेन्शनर आणि तो चालतो ऑइलच्या प्रेशरवर. ऑइल कमी किंवा खराब झालं की प्रेशर यायला वेळ लागतो आणि तोवर सैल चेन खुळखुळते. ‘चेन ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि सगळी मिळून चेन लांब होते. ती दात सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. मग खर्च चेनचा नाही, इंजिनाचा!

दादाचं गणित चुकलं ते इथे. स्टेशनपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतच नाही. न जळलेलं इंधन आणि ओलावा ऑइलमध्ये उतरत राहतो. शिवाय सिग्नलला गाडी उभी असली, तरी इंजिन फिरतच असतं. ताशी १५ किलोमीटरच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर म्हणजे जवळपास ६६७ तास. हायवेवर ताशी ६०ने तेच अंतर १६७ तासांत संपतं. मीटर सारखाच, झीज चौपट वेळाची. म्हणून तर सर्व्हिस बुकात किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, ‘जे आधी येईल ते’!

चाचांनी आधी स्वस्त उपाय केला. डिपस्टिक काढली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घातला. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मगच कव्हर उघडलं. चेन, टेन्शनर, गाइड, दातेरी चाकं असा सगळा सेट बदलला. यात मजुरी भरपूर, त्यामुळे एकच पार्ट बदलून पुन्हा तेच उघडण्यात शहाणपण नाही. खुणा जुळवून चाचांनी इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, पुन्हा खुणा तपासल्या आणि मगच चावी फिरवली.

अर्थात, प्रत्येक आवाज चेनचा नसतो. चीं चीं वाजला तर बाहेरचा पट्टा, वरून बारीक टिकटिक आली तर बहुधा टॅपेट. गाडी तापल्यावरही खुळखुळ राहिली किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर मात्र गाडी चालवू नका.

आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. स्विफ्टमध्ये २००७ साली आलेलं हे १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. आपल्या रांजणगावातही बनायचं. मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या बाजारात त्या आजही दिसतात. ‘फक्त चाळीस हजार चाललीये’ ऐकून खूश होऊ नका. सर्व्हिसची बिलं मागा, तारखा बघा. मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी सुरू करून ठेवू नका. सकाळी जा, बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड असेल तर काच खाली, एफएम बंद आणि पहिले तीन सेकंद कान उघडे!