विश्लेषण : १ लाख ३५ हजारांचा ‘आयफोन १७ प्रो’… खरोखर पैसा वसूल?

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील ॲपलच्या दुकानाबाहेर १९ सप्टेंबरला पहाटेपासूनच रांगा लागल्या होत्या. गर्दीत काही जणांमध्ये धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. पुण्यात कोरेगाव पार्कमध्ये ४ सप्टेंबरला सुरू झालेल्या दुकानासाठी तर नव्या आयफोनच्या विक्रीचा हा पहिलाच हंगाम. रांगेतल्या अनेकांना हवा होता तो ‘आयफोन १७ प्रो’. त्याची भारतातील किंमत सुरू होते १ लाख ३४ हजार ९०० रुपयांपासून. नोकरीला लागून दोन-चार वर्षे झालेल्या अनेक तरुणांसाठी ही दोन-तीन पगारांची रक्कम आहे. दसरा-दिवाळीच्या खरेदीत हा आकडा मोजावा का? त्याच पैशांत किंवा त्याहून कमी पैशांत इतर कंपन्या काय देतात?

किंमत नेमकी किती वाढली?

गेल्या वर्षीचा ‘आयफोन १६ प्रो’ १ लाख १९ हजार ९०० रुपयांपासून सुरू होत होता. त्यामुळे यंदा किंमत थेट १५ हजारांनी वाढली, असे वरवर दिसते. पण गेल्या वर्षीच्या त्या फोनमध्ये साठवणक्षमता १२८ जीबी होती, यंदा ती २५६ जीबीपासून सुरू होते. गेल्या वर्षी २५६ जीबीचा ‘प्रो’ १ लाख २९ हजार ९०० रुपयांना होता. म्हणजे समान स्टोरेजची तुलना केली तर वाढ पाच हजारांची आहे. अमेरिकेत हीच २५६ जीबीची किंमत दोन्ही वर्षी १,०९९ डॉलरच राहिली. वर्षभरात डॉलर साधारण ८४ रुपयांवरून ८८ रुपयांवर गेला, त्याचा परिणाम भारतातील किमतीत दिसतो.

साध्या ‘आयफोन १७’ची गोष्ट उलटी आहे. गेल्या वर्षी २५६ जीबीचा ‘आयफोन १६’ ८९ हजार ९०० रुपयांना होता. यंदा तेवढ्याच स्टोरेजचा ‘आयफोन १७’ ८२ हजार ९०० रुपयांना मिळतो. म्हणजे साधा फोन सात हजारांनी स्वस्त झाला आणि ‘प्रो’ पाच हजारांनी महागला. दोघांमधील अंतर आता ५२ हजार रुपये आहे. यंदाच्या सगळ्या हिशेबाचे मूळ या ५२ हजारांत आहे.

भारतात बनूनही महाग का?

आयफोनची जुळणी भारतात २०१७ पासून होत आहे. तरीही १,०९९ डॉलर म्हणजे ८८ रुपयांच्या दराने सुमारे ९६ हजार ७०० रुपये होतात आणि भारतात १ लाख ३४ हजार ९०० मोजावे लागतात. यातला पहिला मोठा भाग कराचा. भारतातील छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तर अमेरिकेतील किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो. जीएसटी बाजूला काढला तर भारतातील किंमत सुमारे १ लाख १४ हजार ३०० रुपये होते. म्हणजे ३८ हजारांच्या फरकातले साडेवीस हजार निव्वळ जीएसटीचे.

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या टीव्हींवरील आणि एसीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइल मात्र आधीच १८ टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने तिथेच राहिला. २०२० पूर्वी हा दर १२ टक्के होता.

उरलेल्या साडेसतरा हजारांचा हिशेब कंपनी जाहीर करत नाही. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांवरचे शुल्क, वितरकांचा नफा, रुपया आणखी घसरला तर म्हणून ठेवलेली तरतूद अशा गोष्टी त्यात येतात. शिवाय ग्राहक किती मोजायला तयार आहे, याचा अंदाजही असतो. जुळणी भारतात झाली म्हणून फोन आपोआप स्वस्त होत नाही, कारण चिप, कॅमेरा सेन्सर, डिस्प्ले असे महागडे भाग अजून बाहेरूनच येतात.

अमेरिकेतल्या नातेवाईकांकडून मागवला तर?

न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. तो धरून ‘१७ प्रो’ सुमारे १ लाख ३ हजार रुपयांना पडतो. म्हणजे ३१-३२ हजार वाचतात, असे वाटते. पण २०२५ मध्ये विमानतळावर शुल्कमुक्त सामानाची मर्यादा ५० हजार रुपयांची होती. तेव्हाच्या नियमानुसार त्यावरील रकमेवर ३८.५ टक्के शुल्क भरले, तर साधारण २० हजार जात आणि बचत ११-१२ हजारांवर येत असे. दुसरे म्हणजे अमेरिकेतील आयफोनमध्ये सिमकार्डाची खाचच नसते, फक्त ई-सिम चालते. गावाकडे एका कंपनीची रेंज नाही म्हणून दुसऱ्याचे कार्ड काढून घालण्याची सवय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

५२ हजार जास्त मोजून ‘प्रो’मध्ये मिळते काय?

दोन्ही फोनचा पडदा ६.३ इंचांचा आहे. सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा डिस्प्ले आतापर्यंत फक्त ‘प्रो’मध्ये असायचा, यंदा तो साध्या फोनमध्येही आला. सेल्फी कॅमेरा दोन्हींत तोच, १८ मेगापिक्सेलचा. मागचा मुख्य आणि वाइड कॅमेरा दोन्हींत ४८ मेगापिक्सेलचा. बॅटरीबाबत कंपनीचेच आकडे पाहिले तर सलग व्हिडीओ पाहण्यासाठी साधा फोन ३० तास आणि सिमकार्डाची खाच असलेला ‘प्रो’ ३१ तास चालतो.

फरक आहे तो पुढे. ‘प्रो’मध्ये चौपट झूम देणारा वेगळा टेलिफोटो कॅमेरा आहे, साध्या फोनमध्ये तो नाही. रॅम ८ ऐवजी १२ जीबी आहे. ‘ए१९ प्रो’ चिपची उष्णता पसरवण्यासाठी आत व्हेपर चेंबर, म्हणजे अत्यल्प पाण्याची वाफ फिरवून चिप थंड ठेवणारा चपटा कक्ष आहे. गेल्या वर्षीच्या टायटॅनियमऐवजी ॲल्युमिनियमचे आवरण आले, तेही उष्णता लवकर बाहेर जावी म्हणून. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. त्यामुळे तासभर गेम खेळणाऱ्याला किंवा उन्हात लांबलचक चित्रीकरण करणाऱ्याला या रचनेचा उपयोग आहे. यूपीआय, व्हॉट्सॲप, रील पाहणे, घरचे फोटो एवढ्यासाठी साध्या फोनची चिपही गरजेपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

आणखी एक फरक दुकानात दिसत नाही. ‘प्रो’चे यूएसबी पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटने माहिती पाठवू शकते, साध्या फोनचे ४८० मेगाबिटने. १०० जीबीचे चित्रीकरण लॅपटॉपवर उतरवायला कागदोपत्री ‘प्रो’ला दीड मिनिटाच्या आत वेळ लागतो, साध्या फोनला २७-२८ मिनिटे. लग्नाचे व्हिडीओ करणाऱ्याला हे रोज जाणवेल. इतर बहुतेकांना कधीच नाही.

प्रतिस्पर्धी काय देतात?

‘सॅमसंग गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा’ जानेवारीत आला तेव्हा २५६ जीबीची किंमत १ लाख २९ हजार ९९९ रुपये होती. ६.९ इंचांचा मोठा पडदा, २०० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, तिप्पट आणि पाचपट झूमचे दोन वेगळे कॅमेरे आणि लिहिण्यासाठी एस-पेन या त्याच्या जमेच्या बाजू. ऑगस्टमध्ये आलेला ‘गूगल पिक्सल १० प्रो’ १ लाख ९ हजार ९९९ रुपयांना आहे. त्यात १६ जीबी रॅम आणि पाचपट झूम आहे. या दोन्ही कंपन्या सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर आश्वासन देतात.

खरी अडचण उभी करतो तो ‘वनप्लस १३’सारखा फोन. जानेवारीत तो ६९ हजार ९९९ रुपयांना आला. ६,००० एमएएचची बॅटरी आणि १०० वॉटचा चार्जर खोक्यातच. ॲपल, सॅमसंग आणि गूगलच्या महागड्या फोनसोबत चार्जर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. वनप्लसची उणी बाजू अपडेटची : अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या चार वर्षे आणि सुरक्षा अपडेट सहा वर्षे. ‘प्रो’च्या जवळपास निम्म्या किमतीत मिळणारा हा फोन निम्म्या दर्जाचा नाही. फरक आहे तो शेवटच्या दहा-वीस टक्क्यांचा आणि त्याच दहा-वीस टक्क्यांसाठी फ्लॅगशिप कंपन्या सर्वाधिक पैसे घेतात.

‘आयफोन टिकतो आणि विकताना पैसे येतात’ हे कितपत खरे?

आयफोन जास्त काळ चालतो, हे खरे आहे. यंदाचे ‘आयओएस २६’ २०१९ सालच्या ‘आयफोन ११’वरही चालते. जुन्या बाजारातही आयफोनला भाव बरा मिळतो. पण या दोन मुद्द्यांवर किमतीतला फरक भरून निघतो का, हे आकडेमोड करूनच पाहिले पाहिजे.

समजा दोन्ही फोन चार वर्षे वापरले. त्यानंतर ‘१७ प्रो’ मूळ किमतीच्या ३० टक्क्यांना विकला गेला आणि ‘वनप्लस १३’ला १५ टक्केच मिळाले. मग ‘प्रो’चा खर्च महिन्याला सुमारे १,९७० रुपये आणि वनप्लसचा १,२४० रुपये. दोन्हींचा मासिक खर्च सारखा व्हायचा असेल तर चार वर्षे वापरलेला ‘प्रो’ ७५ हजारांना, म्हणजे मूळ किमतीच्या ५६ टक्क्यांना विकला जायला हवा. चार वर्षांच्या जुन्या फोनला इतका भाव मिळेल, हे धरून चालणे कठीण आहे. ‘प्रो’ न विकता सहा वर्षे वापरला तरी महिन्याला १,८७० रुपये पडतात. म्हणजे टिकाऊपणा आणि पुनर्विक्रीमुळे अंतर कमी होते, मिटत नाही. शिवाय पडदा फुटला तर वॉरंटी उपयोगी पडत नाही आणि महागड्या फोनचा पडदाही महागच असतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’ किती ‘नो कॉस्ट’?

बँक व्याज लावतेच. फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते. बारा हप्त्यांत १ लाख ३४ हजार ९०० रुपये फेडायचे आणि क्रेडिट कार्डाच्या ईएमआयचा वार्षिक दर १६ टक्के धरला, तर त्या हप्त्यांत सुमारे ११ हजार रुपये व्याजाचे असतात. सुटीमुळे ते भरून निघतात. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये, ग्राहकाच्या खात्यावर पडतो. त्यात प्रक्रिया शुल्क वेगळे. रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत अनेकदा हप्तेवाल्याला मिळत नाही, तोही खर्चच. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

खरा धोका एखादा हप्ता चुकण्याचा. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने वाढते. चोवीस हप्ते केले तरी महिन्याला ५,६०० रुपये दोन वर्षे बांधले जातात. नोकरी नवी असेल, भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट भरायचे असेल किंवा घरी पैसे पाठवायचे असतील, तर फोन कितीही चांगला असला तरी हा हप्ता जड जातो.

थोडे थांबले तर?

‘सॅमसंग गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा’ जानेवारी २०२४ मध्ये १ लाख २९ हजार ९९९ रुपयांना आला होता. यंदाच्या सप्टेंबरमधील ॲमेझॉनच्या सेलमध्ये त्याची जाहिरात ७१ हजार ९९९ रुपयांची होती. ७९ हजार ९०० रुपयांना आलेला ‘आयफोन १६’ फ्लिपकार्टच्या सेलमध्ये ५१ हजार ९९९ रुपयांना जाहीर झाला. अशा किमतींना बँकेचे कार्ड, मर्यादित नग, एक्स्चेंज अशा अटी असू शकतात, त्या वाचूनच पुढे जावे. तरीही दिशा स्पष्ट आहे. नवा फ्लॅगशिप पहिल्या आठवड्यात घेणारा ग्राहक नवेपणाचीच मोठी किंमत मोजतो.

मग ‘१७ प्रो’ घ्यावा कुणी?

फोनच्या कॅमेऱ्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी ही किंमत समर्थनीय आहे. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणारे, यूट्यूबर, छोट्या वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी यांना टेलिफोटो, वेगवान पोर्ट आणि न तापणारा फोन यांचे मोल कामातून परत मिळू शकते. जास्तीचे ५२ हजार चार वर्षांत वसूल व्हायचे तर महिन्याला सुमारे १,१०० रुपयांचे जादा काम किंवा तेवढी वेळेची बचत पुरेशी आहे.

बाकीच्यांसाठी ‘प्रो’चा सर्वात तगडा प्रतिस्पर्धी सॅमसंगचा किंवा गूगलचा नाही. तो त्याच दुकानात, शेजारच्याच टेबलावर ठेवलेला ८२ हजार ९०० रुपयांचा ‘आयफोन १७’ आहे. आयफोनच हवा, असा हट्ट नसेल तर सत्तर हजारांच्या आसपासचे अँड्रॉइड फोन त्याहून कमी खर्चात बहुतेक गरजा भागवतात. ‘प्रो’ घ्यायचा ठरवलाच असेल, तर आपल्या सध्याच्या फोनमधील गेल्या महिन्याभरातले फोटो एकदा चाळून पाहावेत. त्यात लांबून झूम करून काढलेले किती आहेत, हे मोजले की ५२ हजारांचा निर्णय सोपा होईल.